निम्मं वजन

आंबोली घाटाच्या मध्यावर मुमताजचा ट्रक थांबला. गाडीला रोज ठरवून दिलेल्या धुराच्या कोट्यात आज जे उरलं होतं, त्यात पुढचा चढ बसत नव्हता, म्हणून गाडीतल्या यंत्राने इंजिन बंद केलं होतं. सकाळी माल भरायला रिकामी गाडी आणण्यातच बराचसा कोटा गेला होता.

"वजन निम्मं केलंत तर वर पोहोचाल," यंत्र म्हणालं.

मागे घाटमाथ्यावरच्या दवाखान्यासाठी ऑक्सिजनचे चाळीस सिलिंडर होते. तिने यंत्राच्या विनवण्या केल्या, त्याच्यावर ओरडूनही पाहिलं. शेवटी रडत रडत वीस सिलिंडर रस्त्याकडेला उतरवले आणि दवाखान्यातल्या डॉक्टर सबनीसांना फोन लावला.

"डॉक्टर, आज वीसच आणतेय. बाकीचे उद्या."



"या," ते म्हणाले. "तोवर कुणाला लावायचे, ते ठरवतो."

इंजिन लगेच सुरू झालं. हलकी झालेली गाडी झपाझप चढू लागली.