दारातला ‘हा’

आमच्या घरात दार उघडण्याआधी तोंड उघडावं लागतं. आम्ही सहाही जण दारू सोडलेले, डोक्यावर ना डॉक्टर ना वॉर्डन, म्हणून नियमही आमचेच. बाहेरून येणाऱ्याने उंबऱ्यावर थांबायचं आणि दारावर ज्याची पाळी असेल त्याच्या नाकासमोर लांब ‘हाऽऽ’ करायचा. कढीपत्ता आणायला गेलेलाही यातून सुटत नाही.

रविवारी पाळी पगारेची होती. गडी नियमाचा इतका पक्का, की कांदाभज्यांचा वास आला म्हणून त्याने मला दोनदा ‘हा’ करायला लावला. तेवढ्यात बेल वाजली. दारात डबा घेऊन त्याची बायको उभी होती. तो इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच आलेली.

“ये ना आत,” पगारे चाचरत म्हणाला.

“अशी कशी येऊ? नियम आहे ना तुमचा?” म्हणत वहिनींनी त्याच्या तोंडासमोर लांब ‘हाऽऽ’ केला.

“बडीशेप,” पगारे पुटपुटला.

“मग नक्की काहीतरी लपवलंय!” मी आतून ओरडलो. बडीशेपेचे उपयोग आम्हा सगळ्यांनाच पाठ.

वहिनीही हसल्या. “काय सांगू भाऊजी, रोज संध्याकाळी दारात यांचं तोंड हुंगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.”

आमचं हसू जागच्या जागी विरलं. पगारे कुणी न सांगता पुढे वाकला आणि ‘हा’ करायला त्याने तोंड उघडलं.

वहिनींनी वास घेतलाच नाही. डबा उघडून त्या उघड्या तोंडात त्यांनी कोथिंबीर वडी कोंबली.

“मीठ बघा,” म्हणाल्या, आणि आत आल्या.