सहा शब्द

"एका रानात एक मोर राहत होता," अर्पितानं वाचलं आन थांबली.

खिडकीच्या भाईर देवसिंग गुरुजी उभे होते. तालुक्याहून आलेल्या मॅडमनं आल्याआल्याच बजावलं होतं, चाचणी चालू असताना मास्तरानं तोंड उघडलं तं त्या लेकराचा पेपर रद्द. म्हनून गुरुजी आपल्याच शाळेच्या भाईर, चोरावानी.

मॅडम म्हंजे अनघाताई, मूळच्या यवतमाळच्या. एका हातात घड्याळ, मांडीवर कागद. एका मिनिटात लेकरू किती शब्द वाचते ते मोजाचं, बस. चाळीसच्या खाली आलं का 'वाचता येत नाही'च्या यादीत नाव. मंग ते चौथीतलं का असेना, उद्यापासून पहिलीच्या लेकराइत बसून अ-आ-ई गिरवाचं.

अर्पिताची गुरुजीले काहीच फिकर नव्हती. चिवड्याच्या पुडीचा कागद असो का खताचं पोतं, अक्षर दिसलं का ही पोरगी वाचाचीच.

पन आता बोलेचना. मॅडमच्या तोंडाकडे पाहे. मॅडम घड्याळाकडे. लिंबावर होला घुमून राह्यला होता. वीस सेकंद गेले. तीस.

"वाच ना वं माय," गुरुजी ओठातल्या ओठात म्हनाले.

अर्पिता थोडी पुढं सरकली, मॅडमचं तोंड नीट दिसावं म्हनून. बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलेलंच होतं. वाचलं मात्र काही नाई. मिनिट सरलं. मॅडमनं कागदावर सहाचा आकडा टाकला आन पुढच्या पोराले हाक मारली.

भाईर येताच गुरुजीनं तिले धरलं. "काहून वं, तोंडात मिठाची गुळनी धरली होती का?"

"मॅडमनं हूंच नाई केलं."

"म्हंजे?"

"माय लोकाचा कापूस वेचून घरी आली का मी तिले वाचून दाखोतो. एक ओळ झाली का माय हूं म्हन्ते. नाई म्हटलं तं समजाचं, डोया लागला तिचा. मंग पुढची ओळ कायले वाया घालवाची?"

घरी त्या दोघीच. लागोपाठ दोन साल कापसानं मार खाल्ला तसा बाप वणीले कोयशाच्या ट्रकवर गेला, तो दिवाळीलेच तोंड दाखोते.

गुरुजी तसेच आत शिरले. "मॅडम, एक डाव तिले हूं म्हना. फक्त हूं. मंग पाहा, धाडधाड वाचते का नाई."

"सर, मला मान हलवायचीसुद्धा परवानगी नाही हो. सगळ्या मुलांना सारखंच." बाई वाईट नव्हती. सकाळपासून तिसरी शाळा होती तिची. साऱ्या दिवसात लेकराइची नावं पुकारली तेवढंच काय ते बोलनं. "आणि आता शाईनं लिहून झालंय."

गुरुजी भाईर येऊन पायरीवर अर्पिताच्या बाजूले बसले.

"मले पहिलीत बसवान का?" तिनंच इचारलं.

गुरुजीनं मानेनंच हो म्हटलं.

पोरगी रडली नाई. फ्राकले चिकटलेला कापसाचा कचरा येकयेक करून काढत बसली. आत दुसरं लेकरू बसलं होतं. मॅडमची नजर घड्याळावर, पाठ ताठ, तोंड बंद. अर्पिता दारातून लय येळ मॅडमकडे पाहत राह्यली.

"गुरुजी," ती हळूच म्हने, "त्याइच्या घरी त्याइले कोनी काही वाचून दाखोत नसन, नाई?"