जी

उकंडा कुंभाराची बायको मनकर्णा पहिल्याच हाकेला "जी" म्हणायची. उशीर झाला, की मडकी ठोकायचं थापटणं तिच्या पाठीवर बसायचं. "मातीले अन् बायकोले ठोकल्याबिगर आकार येत नाई," असं तो चारचौघांत सांगायचा.

मातीच्या खाणीत दरड कोसळली आणि मनकर्णा तिच्याखाली मेली. लोकांनी तिला काढलं, जाळलं. दुसऱ्याच दिवशी उकंडा गाढव घेऊन खाणीवर गेला. माती आयतीच मोकळी झाली होती.

त्या मातीचे माठ त्यानं अनसिंगच्या बाजारात मांडले. तुळसाबाई माळणीनं एक उचलला, पक्का भाजलाय का ते बघायला बोटाच्या पेरानं वाजवला.

"जी," माठातून आवाज आला.

तिनं तो हळूच खाली ठेवला. "कारे उकंडा, यात कोन बोलून राह्यलं?"

उकंडानं दुसरा वाजवला. "जी." तिसरा वाजवला. "जी." तो खदखदून हसला. "मेली तरी शिकवन इसरली नाई, पाहा!"

माठ कुणी घेईना. घरी आणून तो अंगणात ते वाजवत बसला. एक माठ जरा गप्प राहिला. उकंडानं थापटणं घातलं आणि त्याच्या ठिकऱ्या केल्या.

मग सगळेच माठ गप्प झाले.

थापटणं बाजूला ठेवून तो खापरं वेचायला वाकला. तोच त्याच्या पाठीवर कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवलं, माठ पारखतात तसं.

त्याची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं बाजूला पाहिलं. थापटणं जागेवर नव्हतं.

उत्तर द्यायला उशीर झाला होता.