तारामतीच्या भुवया

दशावतारी नाटकात सुशांत तारामती व्हायचा. दर खेळाला भुवया रंगवायचा कंटाळा आला, म्हणून त्याने अंधेरीच्या पार्लरमध्ये त्या कायमच्या गोंदवून घेतल्या. ऑफिसातले हसले, त्याचं काही वाटलं नाही. पण गेल्या खेळात तारामती मेलेल्या लेकराला कवटाळून रडली, तेव्हा एकाही बाईने डोळ्याला पदर लावला नाही. आज बोरिवलीच्या मंडपामागे रंगायला बसताना त्याने म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं, “माझं कुठे चुकलं?” “मेल्या, भुवई काढताना बाय आरशात उतरता. तू तिका वाटच ठेवलंस नाय.” “लेझरने काढीन. पण वर्ष जाईल.” “खेळ आज आसा.” सुशांतने अंगाच्या रंगाचा लेप लावून दोन्ही भुवया झाकल्या. आरशात कोऱ्या कपाळाखाली दोन डोळे उरले. मग त्याने काजळाची काडी सावकाश टेकवली. दुसरी भुवई पुरी होताच मास्तर म्हणाले, “इलंस गो बाय?”