आगाऊ नोंद

"माझा नवरा जिवंत आहे, दिसत नाही का तुम्हाला?" मृणाल डॉक्टरांवर कडाडली.

खाटेवर दिगंबर धापा टाकत होता. नळीतला ऑक्सिजन बंद पडला होता आणि उशाशी असलेलं औषधाचं कपाट काही केल्या उघडेना. कपाटावरच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'खाट रिकामी'.

डॉ. अंबर्डेकरांची एक खोड होती. रोगी हातचा गेला असं वाटलं, की ड्यूटी संपण्याआधीच ते मृत्यूची नोंद करून मोकळे व्हायचे. आजही त्यांनी तेच केलं. नोंद पडताच डेटाबेसमधला ट्रिगर, म्हणजे नोंदीसरशी आपोआप सुटणारा हुकूम, चालला आणि त्याने हवा, औषध, खाट, सगळं दिगंबरच्या नावावरून काढून घेतलं. वॉर्डातली यंत्रं डेटाबेसशिवाय कुणाचं ऐकत नसत, आणि हाताने चालणारी केव्हाच भंगारात गेली होती.

"नोंद मागे घ्या! तुमच्या बोटाशिवाय ते बटण चालत नाही. खुलं सॉफ्टवेअर आहे हे, मी कोड वाचलाय त्याचा."

डॉक्टरांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं.

"कोड मीही वाचलाय, बाई. नोंद मागे घेतली की दुसरा ट्रिगर चालतो. खोटी नोंद करणाऱ्याचा परवाना तिथल्या तिथे रद्द होतो."

"मग? मरू द्यायचं माणसाला?"

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, दिगंबरच्या शेजारी बसले आणि त्याच्या खालीवर होणाऱ्या छातीकडे बघत शांतपणे म्हणाले, "नोंद खोटी आहे असं कोण म्हणतं? जरा लवकर झालीय, इतकंच."