ठकूबाईची आंबील

चिंधू गभाले डोळे मिटून बसला होता. कपाळाला लावलेला पट्टा त्याच्या आठवणीतली चव वाचत होता. वाडीवर दरड कोसळली तेव्हा तो आणि वाडीतले काही पुरुष बाजाराला गेले होते. घरी रांधणारी एकही बाई वाचली नव्हती. त्यामुळे वाडीचे पदार्थ आता या उरलेल्या पुरुषांच्या जिभेवरूनच उतरवून घ्यायचे होते.

"काका, काकूंच्या हातची आंबील शेवटची प्यायलात, ती आठवा," यंत्रापाशी बसलेली नीलाक्षी म्हणाली.

पडद्यावर एकेक जिन्नस उमटू लागला. नाचणीचं पीठ, ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. मग नीलाक्षी गोंधळली.

"लाल माती दाखवतंय. यंत्राची चूक असेल, काढून टाकते."

"चूक नाही." चिंधूने डोळे उघडले. "झऱ्याचं पाणी तीन दिवस गढूळ येत होतं. ठकू म्हणाली, डोंगराचं काहीतरी बिनसलंय, आपण खाली माझ्या भावाकडं जाऊ. मी म्हणालो, फडक्यानं गाळून घे."

नीलाक्षीचा हात तसाच थांबला.

"माती राहू दे, पोरी," तो म्हणाला. "आणि खाली लिही, आंबिलीला अशी चव लागली तर भांडं तिथंच ठेवायचं, पोराबाळांना घ्यायचं आणि डोंगर उतरायचा."