जड क्लच

महागूने जीपखालून क्लचची जुनी प्रेशर प्लेट बाहेर काढली, उन्हात धरली आणि तो बुचकळ्यात पडला. प्लेटला काहीच झालेलं नव्हतं. स्प्रिंगा ताठ, घासायची बाजू सपाट. अजून दोन वर्षं तरी तिने कुरकुर केली नसती.

"भाऊ, हे तं चांगली आहे," तो म्हणाला.

"चांगली असती तं क्लच इतका जड काहून असता?" भोजराज गॅरेजच्या बाकावरून उठला नाही. "महिना झाला, सांगून राह्यलो तुले. लांजीले जाऊन येतो तं पाय भरून येते. नवी बसव."

महिनाभरात ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा महागूने पेडलच्या सांध्यांना ग्रीस भरलं, दुसऱ्यांदा केबल बदलली. आज भोजराज गोंदियाहून नवी प्रेशर प्लेट स्वतःच घेऊन आला होता. महागूने वाद घातला नाही. भोजराज वीस वर्षं बालाघाट-लांजी रस्त्यावर सवारी वाहत होता. महागूला गाडी चालवायलाही त्यानेच शिकवलं होतं. या जीपचं दुखणं त्याच्याइतकं कोणाला कळणार?

महागूने इंजिनाचं फ्लायव्हील पुसून कोरडं केलं. क्लच प्लेट बरोबर मधोमध बसवली, वर नवी प्रेशर प्लेट ठेवली आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे करत आवळले. एकाच बाजूने आवळलं तर प्लेट वाकडी बसते. मग जॅकवर तोलून गिअरबॉक्स वर चढवला. जेवणाची वेळ टळून गेली होती. हात पुसून तो आधी स्वतः गाडीत बसला. क्लच अलगद खाली गेला.

"या भाऊ, बसा. हातानं दाबला तरी जाते आता."

भोजराज उठून जीपकडे आला. त्याच्या डाव्या पायातली चप्पल बाकाजवळच राहिली होती. तापलेल्या मातीवर, खिळ्या-बोल्टांच्या पसाऱ्यातून तो एका अनवाणी पायाने चालत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. महागू सांगणार होता. पण तो त्या पायाकडेच पाहत राहिला.

भोजराज सीटवर बसला. त्याने पेडलवर पाय ठेवून जोर लावला. स्टिअरिंग धरून तो सीटवरून अर्धा उचलला गेला. पेडल अर्ध्यात थांबलं.

"पाह्य," तो धापा टाकत म्हणाला. "अजून जडच आहे."

महागू दाराशी उभा राहून चिंधीने हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"भाऊ, एक डाव उजव्या पायानं दाबा."

"उजव्या पायानं कोणी क्लच दाबते का?"

"दाबा तं."

भोजराजने उजवा पाय आडवा नेला. पेडल आवाज न करता तळाला टेकलं.

त्याने पाय उचलला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. मग पाय काढून घेतला आणि पेडलकडे पाहत राहिला.

"जुनी प्लेट खरंच चांगली होती?"

"हौ, भाऊ."

भोजराजची नजर आता अनवाणी पायावर गेली. "सत्यभामा म्हणत होती, तुमची चप्पल रस्त्यात पडते, तुमाले समजत नाई. मी तिच्यावरच खेकसलो." घरवालीचं बोलणं सांगता सांगता त्याने डावा गुडघा हाताने दाबून पाहिला. "परवा पुलाजवळ ट्रक समोर आला, महागू. गाडी गिअरातून निघालीच नाई. मागं चौदा लोक होते. दोन लेकरं. मी मनात म्हटलं, क्लच."

महागूने बाकाजवळची चप्पल आणली, खाली बसून त्याच्या पायात घातली. पाय थंड होता. चप्पल घालताना त्या पायाने काहीच मदत केली नाही.

"चला, गोंदियाले डॉक्टरकडं. मी चालवतो."

"लांजीवरून जाऊ. सत्यभामेले संगं घेऊ," भोजराज म्हणाला. तो उतरला, बोनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि दाराकडेच्या सीटवर बसला.

महागूने क्लच सोडला तेव्हा गाडीने हिसका खाल्ला. एरवी भोजराज खेकसला असता, हळू सोड म्हणून. आज तो समोरच्या काचेतून पाहत राहिला.

चौकात लांजीच्या जीपा उभ्या राहतात, तिथे गर्दी होती. महागूने गाडी हळू केली. तेवढ्यात भाजी विकून परतणारी दुर्गाबाई रिकामी टोपली सावरत धावत आली. ती रोज याच गाडीने गावी जायची आणि रोज पुढेच बसायची, दाराकडेला.

"काहून बापा, तू इकडं?" ती भोजराजला म्हणाली. "हे माही जागा आहे. तू जाय तुह्या जागेवर."

"मावशी, आज गाडी..." महागू बोलू लागला. भोजराजने हाताने त्याला थांबवलं.

"येऊ दे तिले. लांजीलेच तं जाऊन राह्यलो."

तो आत सरकला. डावा पाय मात्र दाराशीच राहिला. दुर्गाबाई टोपली कडेवर घेऊन वाट पाहत होती. भोजराजने खाली वाकून तो पाय दोन्ही हातांनी उचलला, वाटेतलं कोणाचं तरी सामान बाजूला ठेवावं तसा आपल्याजवळ घेतला, आणि म्हणाला, "बस, बाई."